छत्रीखालचा उजेड

बहारिनमध्ये पाऊस वर्षातून मोजके चार-सहा दिवस पडतो आणि जरा जोरात पडला की शाळांना सुट्टी मिळते. अशा देशात एक गृहस्थ रोज संध्याकाळी मगरिबची नमाज आटोपली की लांब दांड्याची काळी छत्री उघडून जुफैरच्या रस्त्यांवरून चालायचे. आकाशात ढग नाही, हवेत थेंब नाही, ऊन तर केव्हाच उतरलेलं. त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मी मनात त्यांचा निकाल लावून टाकला. आखातात तीस-तीस वर्षं काढलेली माणसं कधी कधी अशी होतात, असं नवऱ्याने मला आल्या आल्या सांगून ठेवलं होतं. तो स्वतः तेव्हा इथे येऊन दीड वर्ष झालेला तज्ज्ञ होता.

अडचण एवढीच झाली की ते गृहस्थ छत्रीसकट माझ्या पार्किंगमध्ये शिरले. माझ्या म्हणजे एका उंच इमारतीच्या पार्किंगमध्ये, जिथल्या दिव्यांचं डिझाईन मी केलं होतं. बहारिनमधलं माझं पहिलं काम, आठवड्यात उरकलेलं. मी ते बघायला गेले होते, पाळण्यात डोकावून आपलंच बाळ बघावं तशी. गृहस्थ एका खांबाखाली थांबले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, छत्री उघडीच. वॉचमन लांबून ओरडला, "बाबा, मतर मफी!" म्हणजे पाऊस नाहीये. गृहस्थांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या गळ्यातल्या कंपनीच्या ओळखपत्राकडे मात्र पाहिलं आणि विचारलं, "डिझाईन तुझं काय गो बाय?"

मी हो म्हटलं, जरा ऐटीतच.

"ये हितं, छत्रीखाली. माझी दाढी दिसते?"

दिसत होती. पांढरी, नीट कातरलेली, एकेक केस वेगळा.

"पाऊस वरून पडतो, म्हणून छत्रीखाली माणूस कोरडा राहतो. उजेड वरून पडला तं छत्रीखाली काळोख पायजे. माझी दाढी दिसते म्हंजे तुझा उजेड बाजूनं येतोय, खालनं येतोय, वर जातोय. जमीन सोडून सगळीकडं जातोय." मग छत्री मिटत म्हणाले, "खांब सरळ हायत. तेवढं चालंल."

हे कासमभाई, आमच्याच कंपनीचे फोरमन. मी रुजू झाले तेव्हा ते गावी गेले होते, म्हणून आमची गाठ पडली नव्हती. 'चालंल' ही त्यांच्याकडची सर्वोच्च पदवी होती, हे मला नंतर कळलं. पुढच्या आठ वर्षांत ती मला आणखी तीनदा मिळाली, आणि त्यातली एक चहासाठी होती.

कासमभाई मूळचे बाणकोटच्या खाडीकाठचे. वडील मचव्यावर तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान. मुलाने मात्र समुद्र ओलांडला तो विमानाने, आणि चोविसाव्या वर्षी केबल ओढायला जो लागला तो चढत चढत फोरमन झाला. बायको वारलेली. मुलगी रुबीना लग्न होऊन इथेच मनामात राहत होती, आणि कासमभाई तिच्याकडे. तिच्या घरात त्यांनी एक शिस्त लावली होती: ज्या खोलीत माणूस नाही तिथे दिवा नाही. ही शिस्त ते इतक्या तत्परतेने पाळत की त्यांच्या जावयाच्या दोन्ही पायांचे अंगठे कायम ठेचलेले असायचे. ऑफिसात त्यांनी एकदा बाथरूमचा दिवा घालवला तेव्हा आमचे अकाउंटंट आत होते. ते ओरडले तर हे बाहेरून म्हणाले, "आवाज दिला नायस. मला काय ठाऊक, आत माणूस हाय का उजेड हाय."

आमची कंपनी मीना सलमानला, बंदराला लागून. खाली गोदाम आणि वर्कशॉप, वर ऑफिस. काम दिवे लावायचं: रस्ते, मैदानं, इमारतींचे दर्शनी भाग. मालक-मॅनेजर दीक्षितसाहेब, पुण्याचे. पुण्यात माणसाला आपण हुशार आहोत हे सिद्ध करायला आयुष्य जातं. बहारिनमध्ये साहेबांचं ते काम एका एअरकंडिशन्ड केबिनने केलं. कंपनीची एक पद्धत होती. कुठलंही काम पुरं झालं की 'टेस्ट शीट' नावाचा एक कागद निघायचा आणि त्यावर फोरमनची सही झाल्याशिवाय चाचणीपलीकडे दिव्याचं बटण दाबायचं नाही. कासमभाई छत्री घेऊन साइटवर एक फेरी मारल्याखेरीज सही करत नसत. ग्राहक थांबले, साहेब चिडले, नवे इंजिनिअर रडकुंडीला आले (यात मी), तरी फेरी चुकत नसे. गंमत म्हणजे कासमभाईंनी सही केलेल्या दिव्याची तक्रार कधी परत आली नाही. ही गोष्ट साहेबांना खटकत असावी.

मग एक दिवस फोटो आला.

अंतराळातून काढलेला, रात्रीच्या आखाताचा. डावीकडे सौदी, उजवीकडच्या कडेला थेट मुंबई, आणि मधल्या काळ्या पाण्यात बहारिनचा झगझगीत ठिपका. साहेबांनी तो इंटरनेटवरून घेऊन रिसेप्शनच्या अख्ख्या भिंतीएवढा छापून घेतला. खाली सोनेरी अक्षरांत इंग्रजी ओळ: यातला काही प्रकाश आमचा आहे. ती ओळ मी लिहिली होती. त्याबद्दल मला एक केक मिळाला होता, आणि तो मी खाल्लाही होता.

सगळ्या स्टाफला फोटो दाखवायला बोलावलं. सगळ्यांनी वा वा केलं. कासमभाई नाकावर चष्मा चढवून भिंतीला नाक लागेल इतके जवळ गेले.

"हा वरून काढलाय?" त्यांनी विचारलं.

"चारशे किलोमीटरवरून," साहेब म्हणाले. "प्रगती, कासमभाई. अंतराळातून दिसते."

"साहेब, जो उजेड वरून दिसतोय तो खाली पडलेलाच नाय. कामाला लागलेला उजेड वर कसा जाईल? हा सगळा चुकलेला माल हाय." आणि मग, अगदी निरागसपणे, "हा फोटो गिऱ्हाइकाला कशाला दाखवायचा?"

शास्त्राच्या दृष्टीने हे पुरतं बरोबर नव्हतं. जमिनीवर पडलेला उजेडही थोडा परत फिरून वर जातो. साहेबांची बाजू सावरायला मी तसं म्हटलं. "थोडा," कासमभाई म्हणाले. "हा थोडा दिसतो काय?"

साहेब पाहुण्यांसमोर हसतात तसं हसले. पाहुणे नव्हते, तरी हसले.

त्यानंतर रोज दुपारी चहाचा कप घेऊन कासमभाई त्या फोटोपुढे उभे राहू लागले, गावातले रिकामे लोक पारावर पेपर वाचतात तसे. मलाही बोलावत. "ही समुद्रातली रेघ?" सौदीला जाणारा पूल. "हा पेटलेला गोळा?" जुफैर. "आणि आपली पोरं झोपतात तो कॅम्प कुठं?" मी शोधला. आमचे सगळे वायरमन, हेल्पर, ड्रायव्हर एकेका खोलीत आठ-आठ जण राहतात तो भाग फोटोत जवळजवळ काळाच होता. कासमभाईंनी त्यावर बोट ठेवलं. "माणसं हितं हायत. उजेड तिथं हाय. ह्या फोटोवरून माणूस शोधायला निघशील तं रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन पोचशील." चहाचा घोट घेऊन म्हणाले, "तुझ्याच."

एका दुपारी मात्र त्यांनी घरचं सांगितलं. त्यांची नात झोया, तेव्हा तिसरीत. शाळेत बाईंनी असाच फोटो दाखवून प्रत्येकाला आपापलं गाव दाखवायला सांगितलं होतं. कोणाचं मुंबई, कोणाचं दुबई, कोणाचं कोची, सगळी ठळक. झोयाने मुंबईच्या खाली बोट सरकवत सरकवत नेलं आणि ते जाऊन थांबलं काळ्यात. पोरं हसली. तुमच्याकडे लाईटच नाही म्हणाली. झोया घरी येऊन रडली आणि नानांशी बोलेना. ती मराठी सगळं समजायची पण उत्तरं इंग्रजीत द्यायची, त्यामुळे तिचं भांडणही इंग्रजीत होतं आणि नानांना ते अर्धंच कळलं.

"मग काय सांगितलंत तिला?"

"सांगितलं, लाईट हाय. आपल्या गावात घरागणिक एक बल्ब हाय आणि तो जेवणाच्या ताटावर पडतो. ताटावरचा वर कसा दिसंल?" कप खाली ठेवून म्हणाले, "पटलं नाय तिला. आठ वर्षांची हाय. साहेब साठ वर्षांचे हायत, त्यांना तरी कुठं पटलं."

रोज झोयाला शाळेच्या बसवर सोडणं, दुपारी ती घरी पोचली की ऑफिसच्या गेटवरून तिला फोन करणं, गुरुवारी संध्याकाळी तिला समुद्राकाठी नेणं. कासमभाईंचं आयुष्य उरलं होतं ते एवढंच, बाकी सगळी नोकरी. आणि ती नोकरी होती व्हिसापुरती. आमच्या कंपनीत साठी उलटलेल्या माणसाचा व्हिसा दर वर्षी साहेबांनी लिहून दिलं तर रिन्यू व्हायचा, नाही तर खलास. कासमभाई चौसष्टचे होते. दर वर्षी मार्चमध्ये ते आठ दिवस कोणाशी भांडत नसत. तेवढ्यावरून आम्हाला मार्च ओळखू यायचा.

त्या वर्षी मार्चमध्येच कंपनीला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. साहेबांना कोणीतरी सांगितलं की अमुक दिवशी संध्याकाळी सात वाजता अंतराळस्थानक बहारिनवरून जाणार आहे आणि त्यातले लोक खिडकीतून फोटो काढत असतात. झालं. साहेबांनी ठरवलं की त्या वेळी गोदामाच्या गच्चीवर आपले चाळीस फ्लडलाइट आकाशाकडे तोंड करून लावायचे. हे फ्लडलाइट कुठल्याशा मैदानासाठी आले होते आणि ते काम रद्द झाल्यापासून गोदामात धूळ खात होते. पुढच्या फोटोत बहारिन येईल आणि बहारिनमध्ये आम्ही येऊ. सगळ्या ग्राहकांना आमंत्रणं गेली. स्टाफला मेल आला: सर्वांनी सहकुटुंब गच्चीवर यावे. पांढरे कपडे घालावेत, म्हणजे वरून उठून दिसू. ठीक सात वाजता हात हलवावेत.

आम्ही तीस-पस्तीस माणसं, त्यात सहा इंजिनिअर, दोन एमबीए. एकानेही विचारलं नाही की चारशे किलोमीटरवरून माझा लेंगा कोणाला दिसणार. मीही नाही. मी तर ड्रॉइंग काढून दिलं.

दिवे बसले, तारा ओढल्या आणि टेस्ट शीट निघाली. कासमभाईंनी सही केली नाही. साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तुमचं मराठी आहे, तुम्ही समजवा." साहेबांचं मराठी बहुधा रजेवर होतं.

वर्कशॉपमध्ये कासमभाई एका लाकडी खोक्यावर बसून कडक चहा पीत होते. मी कागद पुढे केला.

"ह्या दिव्यांना टोप्या नायत," ते म्हणाले. "वर तोंड केलं तरी बाजूला सांडणार. समोर धक्का हाय. सातला मच्छीवाल्यांच्या बोटी येतात. काळोखातून येणाऱ्याच्या डोळ्यावर असा उजेड मारलास तं तो थोडा वेळ आंधळा."

"अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, कासमभाई."

"बुडायला किती लागतो?"

मग तेच सांगू लागले. त्यांच्या लहानपणी खाडीच्या तोंडाशी कोणा श्रीमंताच्या लग्नात जनरेटर आणून दिवे लावले होते. वडिलांचा मचवा आत शिरत होता. समोर नुसता पांढरा उजेड, किनारा दिसेना, मचवा खडकावर गेला. "बाप वाचला. एक खलाशी होता, तो नाय वाचला. लग्नातल्या लोकांना सकाळी कळलं. तवर ते जेवून झोपले होते."

मग त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं. कागदावर टेकवलंही. "माझा व्हिसा ह्या महिन्यात हाय. कागद कोणी पाठवलाय ते मला कळतं. व्हिसा गेला तं झोया गेली." पेन कागदावर तसंच थोडा वेळ राहिलं. त्याने शाईचा एक ठिपका पाडला. मग त्यांनी टोपण लावून पेन मला परत दिलं.

"मला नाय जमणार गो बाय. माझ्या बापाला तोंड दाखवायचंय."

मी कागद घेऊन वर आले. साहेबांनी तो वाचला आणि त्यांच्या लक्षात आलं की सहीच्या चौकटीखाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'फोरमन किंवा डिझाईन इंजिनिअर'. हे 'किंवा' पंचवीस वर्षांत कोणी वापरलं नव्हतं. साहेबांनी पेन पुढे केलं. त्या वर्षी नवऱ्याची नोकरी गेली होती. दीड वर्षाचा तज्ज्ञ घरी बसून सीव्ही पाठवत होता आणि घर माझ्या पगारावर चाललं होतं. हे मी साहेबांना सांगितलं नाही. त्यांना ते माहीत होतं. मी सही केली. शाईच्या ठिपक्याशेजारीच.

ती संध्याकाळ कोणी विसरणार नाही. हवेत धूळ होती, इतकी की पलीकडच्या क्रेन दिसत नव्हत्या. बटण दाबलं आणि त्या धुळीची एक पांढरी भिंत उभी राहिली. आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत त्या भिंतीच्या आत, पिठाच्या डब्यात पडलेल्या मुंग्यांसारखे. ठीक सातला कोणीतरी ओरडलं, "आलं, आलं!" धुळीच्या वर एक लुकलुकणारा दिवा सरकत होता. ग्राहक, त्यांच्या बायका, मुलं, दीक्षितसाहेब, सगळे जिवाच्या आकांताने हात हलवू लागले. मीही हलवले. दोन मिनिटांनी त्या दिव्याचा आवाज ऐकू आला आणि ते विमान मुहर्रकच्या विमानतळावर उतरलं.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या म्हणून आम्हीही वाजवल्या.

कासमभाई आले नव्हते. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "कोणाला हात केलात? कोचीच्या फ्लाइटला? पोचली काय नीट?" पण त्यात नेहमीची धार नव्हती. आवाज बसला होता.

तो का बसला ते त्या दिवशी दुपारी कळलं. गेटवर एक तमिळ मच्छीमार पिशवीत ताजा हमूर मासा घेऊन आला आणि वॉचमनला हिंदीत विचारू लागला, "वो छत्रीवाला चाचा किधर है?" मी विचारपूस केली. कासमभाई आदल्या दिवशी दुपारीच धक्क्यावर जाऊन प्रत्येक बोटवाल्याला सांगून आले होते की आज आठच्या आधी आत येऊ नका. तीन बोटी तोवर समुद्रात गेल्या होत्या, त्यांना निरोप पोचला नव्हता. म्हणून संध्याकाळी हे एकटे धक्क्याच्या टोकाला जाऊन, आमच्या दिव्यांकडे पाठ करून, आडवी छत्री आमच्या बाजूला धरून, तिच्या काळोखात लाल कपडा बांधलेली बॅटरी हलवत आणि ओरडत आमचे दिवे विझेपर्यंत उभे राहिले. "हम को सिर्फ लाल दिखा," तो म्हणाला. "बाकी सब सफेद. लाल देख के रुक गया." आम्ही वर विमानाला हात करत होतो तेव्हा आमच्यापासून तीनशे पावलांवर हे चाललं होतं, आणि माझ्या सहीने.

मी खाली जाऊन कासमभाईंना म्हटलं, माझं चुकलं. ते हमूर साफ करत होते. "खवलं उडतील, लांब उभी राहा," एवढंच म्हणाले.

आठवड्याने ते साहेबांकडे व्हिसाचं विचारायला गेले. साहेब अत्यंत प्रेमाने म्हणाले, "होईल कासमभाई, इंशाल्ला." कासमभाई बाहेर आले आणि त्याच संध्याकाळी बाजारातून बॅगा तोलायचा काटा घेऊन गेले. काटा आला म्हणजे माणूस कायमचा परत निघाला, हे इथे राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. मी म्हटलं, अहो, साहेब तर हो म्हणाले. तर म्हणाले, "मशिदीतलं इंशाल्ला म्हंजे अल्ला करील. ऑफिसातलं म्हंजे साहेब करणार नाय. अल्लाचं नाव घेऊन खोटं बोलतात, त्यापेक्षा सरळ नाय म्हणावं. गुन्हा तरी एकच होतो."

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. एप्रिलच्या शेवटी ते गावी परत गेले. एचआरने कारण लिहिलं, वय. निरोप समारंभ रिसेप्शनमध्ये त्या फोटोसमोरच झाला, कारण ग्रुप फोटोला पार्श्वभूमी छान येते. साहेबांनी त्यांना पितळेचा दिवा भेट दिला, दीड फुटी, तोंड वर असलेला. कासमभाईंनी तो उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "असा बरा दिसतो." मला वाटलं होतं छत्री ते मला देऊन जातील. तसं तोंडावर दिसलं असावं. "छत्री मागू नकोस. तिकडं खरा पाऊस पडतो," ते म्हणाले. विमानतळावर झोया त्यांचं बोट सोडेना. शेवटी रुबीनाने ते सोडवलं. मी थोडी लांब उभी होते. जवळ जायचं मला काही कारण नव्हतं.

गावाहून त्यांचे व्हॉइस मेसेज यायचे, नेहमी तक्रारीचे. आमदारांच्या निधीतून जेटीवर हायमास्ट आला होता, म्हणजे उंच खांब आणि वर आठ दिव्यांचं कडं. 'बहारिनवाले' म्हणून नारळ फोडायला ह्यांना बोलावलं. ह्यांनी आधी टोप्या बसवा म्हणून हट्ट धरला. सरपंच म्हणाले, तालुक्यापर्यंत उजेड दिसतो, तुम्हाला काय त्रास? "मी म्हटलं, तालुक्याला नाय लागत, जेटीला लागतो. मग मीच तेलाच्या डब्यांचा पत्रा कापला. कडं खाली उतरवून आठही दिव्यांना टोप्या घातल्या. आता तालुक्यातून काय दिसत नाय. जेटीवर पडलेली सुईसुद्धा दिसते. सरपंच माझ्याशी बोलत नाय. चालंल."

गेल्या वर्षी कासमभाई गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. रुबीनाने कळवलं तेव्हा मी मीटिंगमध्ये होते आणि मीटिंग संपेपर्यंत बसून राहिले. आठवलं की अजून स्वतःची लाज वाटते.

दोन महिन्यांपूर्वी रुबीना त्यांच्या नोकरीचा दाखला न्यायला ऑफिसात आली. बरोबर झोया, आता अकरा वर्षांची, दातांना तार. रिसेप्शनमध्ये साहेब कोणा पाहुण्यांना फोटो दाखवत होते. एका पाहुण्याने कौतुकाने झोयाला विचारलं, तू कुठली? ती सरळ भिंतीपाशी गेली आणि मुंबईच्या खाली, काळ्यात, बोट ठेवलं. पाहुणा हळहळला. ओह, तिथे लाईट नाही?

"देअर इज," झोया म्हणाली. "माय नाना पुट हॅट्स ऑन देम. यू कान्ट सी देम फ्रॉम अप देअर."

साहेबांनी तिला चॉकलेट दिलं. तिने ते घेतलं, पोरगी शहाणी आहे. नंतर आई एचआरमध्ये होती तोवर ती माझ्या टेबलाशी बसली होती. मी विचारलं, नाना माझ्याबद्दल कधी काही बोलायचे का? ती म्हणाली, "ही सेड युअर ड्रॉइंग्ज आर ओके."

"चालंल म्हणाले?"

"या. चालंल." मग चॉकलेटचा कागद उलगडत, अगदी सहज, "बट ही सेड यू गेट स्केअर्ड."

तिला त्या सहीचं ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर बरं झालं असतं.

सध्या माझ्या टेबलावर एक टेस्ट शीट आहे. जुफैरमधलं नवं हॉटेल, माथ्यावर आकाशात फिरणारे चार झोत, शेजारच्या इमारतींच्या खिडक्यांना चाटत जाणारे. नव्या फोरमनने सही केली नाही, कारण त्याला आता ते 'किंवा' माहीत आहे. मागच्या बुधवारी मी छत्री आणायला गेले. बहारिनमध्ये छत्री मिळणं सोपं नाही. दोन दुकानांत मला समुद्रकिनाऱ्यावरची रंगीत छत्री दाखवली. तिसऱ्यात काळी मिळाली. संध्याकाळी ती उघडून हॉटेलच्या आवारात उभी राहिले आणि एका गाडीच्या काचेत पाहिलं. छत्रीखाली माझा चेहरा लख्ख दिसत होता, डोळ्यांखालच्या सुरकुत्यांसकट. वॉचमन म्हणाला, "मॅडम, मतर मफी." मी म्हटलं, ठाऊक आहे.

शीटवर मी कारण लिहिलं, टोप्या नाहीत, आणि सहीची चौकट कोरी ठेवून कागद साहेबांकडे पाठवला. तो दोनदा परत आला. दोनदा मी तसाच पाठवला. माझ्या व्हिसाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. काल साहेबांना त्याचं विचारलं. साहेब अत्यंत प्रेमाने म्हणाले, "होईल हो, इंशाल्ला."

घरी जाऊन मी आधी बॅगा तोलायचा काटा शोधला.